शिंगवाले देव आणि ख्रिस्ती सैतान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या जुन्या दैवतांबद्दल मी मराठीतून लिहायला लागले, तेव्हापासून एक प्रश्न सतत येतो. बहुतेक वेळा सोबत एखादं चित्र असतं. चित्रात कुणीतरी शिंगवाला बसलेला असतो आणि खाली विचारलेलं असतं, "हा सैतानच ना?" दर वेळी निरनिराळं उत्तर देण्यापेक्षा पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, गुंत्याचे नंतर.

१. सैतानाला शिंगं असतात असं बायबलमध्ये नेमकं कुठे लिहिलंय?

आपण जो सैतान डोळ्यांपुढे आणतो, दोन शिंगं, बोकडाचे पाय, हातात त्रिशूळ, तो बायबलमध्ये कुठेही नाही. ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाच्या दरबारात हजर होतो. हिब्रूत त्याला 'हा-सातान' म्हटलंय, म्हणजे विरोधात उभा राहणारा, आरोप ठेवणारा. तो दिसतो कसा, यावर एक शब्द नाही. येशू अरण्यात चाळीस दिवस राहतो तेव्हा सैतान त्याची परीक्षा घेतो, पण तिथेही रूपाचं वर्णन नाही.

अपवाद एकच. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण नावाच्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात सात डोकी आणि दहा शिंगं असलेला तांबडा अजगर येतो आणि तोच सैतान असं स्पष्ट सांगितलंय. ही शिंगं दानीएलाच्या पुस्तकातल्या दृष्टान्तांतून आलेली आहेत. तिथे शिंग म्हणजे राजा, सत्ता. त्याच प्रकटीकरणाच्या ५व्या अध्यायात कोकरू येतं, म्हणजे खुद्द ख्रिस्त, आणि त्या कोकराला सात शिंगं आहेत. हे वाक्य वाचून दाखवलं की ख्रिस्ती मित्रही चकित होतात. बायबल लिहिणाऱ्यांना शिंग म्हटल्यावर सैतान आठवत नव्हता, त्यांना बळ आठवत होतं.

२. मग त्याच्या डोक्यावर शिंगं आली कुठून?

एका ठिकाणाहून नाही. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात 'सईरीम' नावाच्या केसाळ बोकडरूपी भुतांना बळी देऊ नका अशी ताकीद आहे. यशयाच्या पुस्तकात हेच सईरीम ओसाड पडलेल्या नगरांत नाचतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे उभी केली जातात, आणि डावीकडच्यांच्या वाट्याला सार्वकालिक अग्नी येतो. बोकड ही चुकीच्या बाजूची खूण झाली ती तिथून.

इटलीत राव्हेन्ना इथल्या सांत'आपोलिनारे नुओवो चर्चमध्ये या प्रसंगाचं ६व्या शतकातलं मोझेइक आहे. मधे बिनदाढीचा तरुण ख्रिस्त बसलाय. त्याच्या उजव्या हाताला तांबडा देवदूत आणि तीन मेंढरं, डाव्या हाताला निळा देवदूत आणि तीन शेरडं. हा निळा देवदूत म्हणजे सैतानाचं सगळ्यात जुनं चित्र असावं असं काही अभ्यासकांचं मत आहे. ते खरं असेल तर तो सैतान देखणा आहे, त्याला पंख आहेत, प्रभावळ आहे, आणि शिंगं नाहीत. शिंगं आहेत ती त्याच्या पायाशी उभ्या असलेल्या जनावरांना.

शिंगांचा सैतान चर्चच्या भिंतींवर आणि हस्तलिखितांत सर्रास दिसू लागतो तो साधारण इसवी सन १००० नंतर. १३व्या शतकाच्या सुरुवातीला बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, तयार झालेलं एक अवाढव्य हस्तलिखित आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. वजन ७५ किलोच्या आसपास. त्यात पानभर सैतान काढलाय: हिरवं तोंड, तांबडी शिंगं, दोन जिभा, हातापायांना नख्या, कमरेला राजे लोक वापरत त्या फरचं वस्त्र. पाय मात्र बोकडाचे नाहीत. हे लक्षात ठेवा, प्रश्न ५ मध्ये कामाला येईल.

३. 'पेगन' म्हणजे एखादा धर्म होता का?

नाही. लॅटिन 'पागानुस' म्हणजे खेड्यातला, गावंढळ. ख्रिस्ती न झालेल्या सगळ्यांना ख्रिस्ती लोकांनी हे एकच नाव दिलं. ग्रीक मेंढपाळ, गॉलमधला, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधला, नावाडी आणि इजिप्तचा पुजारी स्वतःला एका धर्माचे समजत नव्हते, त्यामुळे 'पेगनांचा शिंगवाला देव' असा एकच देव प्राचीन काळी नव्हता. ग्रीकांचा पॅन वेगळा, गॉलमधला सर्नुनोस वेगळा. इजिप्तच्या आमुनची मेंढ्याची शिंगं वेगळी, हाथोरची गायीची वेगळी. आज स्वतःला अभिमानाने पेगन म्हणवणारे लोक आहेत, त्यांच्याविषयी प्रश्न १० पाहा.

४. पॅन कोण होता? तो वाईट देव होता का?

पॅन हा ग्रीसमधल्या आर्केडिया या डोंगराळ मुलखातला मेंढपाळांचा देव. कमरेखाली बोकड, डोक्यावर शिंगं, हनुवटीला दाढी, हातात वेळूच्या नळ्यांचा पावा. एका प्राचीन स्तोत्रात त्याच्या जन्माची कथा आहे. बाळाचं ते दाढीवालं तोंड बघून दाई घाबरून पळून जाते. बाप हर्मिस मात्र हरखून जातो, बाळाला सशाच्या कातड्यात गुंडाळतो आणि ऑलिंपसवर देवांना दाखवायला नेतो. सगळे देव खूश होतात, म्हणून नाव पॅन, 'सगळे'. ही व्युत्पत्ती स्तोत्रकाराची. भाषाशास्त्रज्ञ ते नाव राखणे, चारणे या अर्थाच्या धातूकडे नेतात, आणि त्यांतले काही जण त्याचं नातं ऋग्वेदातल्या पूषन् देवाशी जोडतात. पूषन् म्हणजे वाटांचा आणि गुराढोरांचा राखणदार, आणि त्याचा रथ ओढतात बोकड. नातं सिद्ध झालेलं नाही, पण मला ते फार मोहात पाडतं.

पॅन भीतिदायक होता, वाईट नव्हता. भर दुपारी तो शिकारीहून थकून झोपतो, म्हणून त्या वेळी मेंढपाळ पावा वाजवत नसत. टळटळीत दुपारी एकट्याने रानात जाऊ नये असं आपल्याकडे सांगतात, तीच धास्ती. कळप अचानक उधळला, सैन्यात विनाकारण घबराट पसरली की ती पॅनची करणी, आणि इंग्रजीतला 'पॅनिक' हा शब्द त्याच्याच नावावरून आलाय. इसवी सन पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईआधी अथेन्सचा जासूद स्पार्टाकडे धावत असताना पॅनने त्याला डोंगरात हाक मारली आणि "अथेन्सवाले माझी आठवण का ठेवत नाहीत?" असं विचारलं, अशी हकीकत ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवली आहे. लढाई जिंकल्यावर अथेन्सकरांनी आपल्या शहरातल्या अक्रोपोलिस टेकडीखालच्या गुहेत त्याचं ठाणं केलं.

भक्तांचं त्याच्याशी नातं किती घरगुती होतं बघा. शिकार कमी पडली की आर्केडियातली पोरं पॅनच्या मूर्तीला रानकांद्याने झोडपायची. पाऊस लांबला की आपल्याकडे कितीतरी गावांत देवाला पाण्यात कोंडून ठेवायचे. हा राग माणूस घरच्यावरच काढतो.

५. चर्चने पॅनचाच सैतान केला, हे खरं ना?

सगळ्यात जास्त वेळा येतो तो हा प्रश्न, आणि विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. मी 'थोडंफार' म्हणते.

'हो'च्या बाजूने सांगण्यासारखं आहे. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने एक गोष्ट दिली आहे. रोमन सम्राट तिबेरियसच्या काळात पाक्सोस बेटाजवळ एका जहाजावरच्या सुकाणूवाल्याला, थामूसला, किनाऱ्यावरून हाक आली: पुढे पोचलास की सांग, महान पॅन मेला. त्याने तसं ओरडून सांगितलं आणि किनाऱ्यावरून मोठा आक्रोश ऐकू आला. येशूला क्रुसावर दिलं गेलं तेही तिबेरियसच्याच काळात. ४थ्या शतकात युसेबियस या बिशपने या गोष्टीचा अर्थ लावला की पॅन हा भूतपिशाच्च होता आणि ख्रिस्ताने त्याच सुमारास भुतांना हाकललं. म्हणजे पॅनला भुतांच्या यादीत बसवणं झालं होतं, लेखी झालं होतं.

अडचण पुढे आहे. पॅनची पूजा मावळल्यानंतर शिंगवाला सैतान चित्रांत रुळेपर्यंत पाचेकशे वर्षं जातात. तो येतो तेव्हा कितीतरी चित्रांत त्याला पक्ष्याच्या नख्या आणि वटवाघळाचे पंख असतात, पोटावर दुसरं तोंड असतं. यातलं काहीच पॅनचं नाही, आणि पॅनचा पावा तर बहुधा कुठेच दिसत नाही. रोमन शवपेट्यांवर कोरलेले अर्धबोकड सॅटिर मध्ययुगीन कारागिरांच्या नजरेसमोर होते, त्यांचा परिणाम झाला असणारच. पण हुबेहूब पॅनसारखा, दाढीचा, खुरांचा सैतान सगळीकडे दिसायला लागला तो बऱ्याच अलीकडे, आणि त्यात १९व्या शतकातल्या लेखक-चित्रकारांच्या पॅनवेडाचा हात मोठा आहे, असं ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी मांडलंय. मला ते पटतं. 'चर्चने एका बैठकीत ठरवून केलं' असं सांगणारी चित्रफीत कुणी पाठवली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

६. सर्नुनोस कोण? त्याच्या गोष्टी कुठे वाचायला मिळतील?

गोष्टी मिळणार नाहीत, कारण एकही उरलेली नाही. गॉलमधल्या केल्टिक लोकांनी देवांच्या कथा लिहून ठेवल्या नाहीत. उरले ते दगड आणि धातू.

पॅरिसच्या नावाड्यांनी तिबेरियसच्याच काळात एक कोरीव खांब उभारला होता. त्याचे तुकडे १८व्या शतकाच्या सुरुवातीला नोत्र दाम कॅथेड्रलच्या खाली खोदताना सापडले. एका तुकड्यावर हरणासारखी फाटे फुटलेली शिंगं असलेला, वयस्कर, दाढीवाला चेहरा आहे आणि दोन्ही शिंगांत गळ्यातले कडे अडकवलेले आहेत. वर नाव कोरलंय, त्यातलं पहिलं अक्षर आता झिजून गेलंय. नाव आणि रूप एकत्र सापडतं ते या एकाच ठिकाणी.

दुसरी वस्तू त्याहून प्रसिद्ध. १८९१ मध्ये डेन्मार्कच्या हिमरलँड भागात गुंडेस्ट्रुपजवळ दलदलीतलं पीट (जळणासाठी कापतात ती माती) कापणाऱ्या मजुरांना चांदीचा मोठा हंडा सापडला. पत्रे सुटे करून आत रचून ठेवलेले होते. तो आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, वजन सुमारे ९ किलो. आतल्या एका पत्र्यावर एक पुरुष मांडी घालून बसलाय. उजव्या हातात कडं, डाव्या हातात मेंढ्याची शिंगं असलेला साप, मानेशी घट्ट धरलेला. शेजारी काळवीट नव्हे, फाटे फुटलेल्या शिंगांचा हरीण उभा आहे, आणि त्याची शिंगं आणि त्या पुरुषाची शिंगं अगदी एकसारखी काढलेली आहेत. कारागिराला जे सांगायचं होतं ते त्याने त्या शिंगांतून सांगितलंय.

एक बारकावा. बोकडाचं शिंग एकदा आलं की कायमचं. हरणाचं दर वर्षी गळतं आणि नवं फुटतं. आपल्या घरांतून उगाळायला ठेवलेलं सांबरशिंग आठवा. त्यामुळे सर्नुनोसला ऋतुचक्राशी जोडणं स्वाभाविक वाटतं, पण तो अंदाज आहे, कुठल्या शिलालेखात ते नाही.

७. मोहेंजोदडोची 'पशुपती' मुद्रा आणि सर्नुनोस एकच ना?

दिसायला साम्य आहे. मांडी घातलेला, शिंगांचा, भोवती जनावरं. मोहेंजोदडोच्या मुद्रेवर हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा आहेत. १९३१ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी तो आद्य शिव असल्याचं मांडलं आणि तेव्हापासून वाद चालू आहे. पण त्याची शिंगं रेड्याची आहेत, हरणाची नाहीत. मुद्रा आणि हंडा यांत सुमारे दोन हजार वर्षांचं अंतर आहे. सिंधू लिपी वाचता आलेली नाही, त्यामुळे मुद्रेवर नाव असलं तरी आपल्याला कळत नाही. 'एकच' म्हणायला आधार नाही. दोन्हींची चित्रं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात हे मात्र मलाही मान्य आहे.

८. एका धर्माचा देव दुसऱ्या धर्मात सैतान होतो, तो नेमका कसा?

बहुतेकदा शब्दांतून. ग्रीक 'दायमोन' म्हणजे देव आणि माणूस यांच्या मधली शक्ती, चांगली किंवा वाईट. हिब्रू स्तोत्रसंहितेच्या ९६व्या स्तोत्रात 'राष्ट्रांचे देव केवळ मूर्ती आहेत' अशा अर्थाची ओळ आहे. ग्रीक भाषांतरात 'मूर्ती'च्या जागी 'दायमोनिया' आलं. हिब्रूत परके देव नुसते पोकळ होते, ग्रीकमध्ये ते सगळे जिवंत, वावरणारी भुतं झाले. पुढे संत पौलाने करिंथकरांना हेच लिहिलं: ते देवाला नव्हे, भुतांना बळी देतात. एक्रोन नगराचा देव बाल-जबूब शुभवर्तमानांत 'भुतांचा अधिपती' बालजबूल म्हणून येतो तो याच वाटेने.

हे फक्त ख्रिस्ती लोकांनी केलं असं नाही. आपला 'देव' जरथुष्ट्री परंपरेत 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती, आणि आपला 'असुर' तिकडे 'अहुर', परमेश्वर.

आणि लांब कशाला जायचं, गोव्यात चला. गावाच्या सीमेवर राखण करणारा देवचार, हातात काठी, खांद्यावर कांबळं, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. कोकणात त्याला रोट देतात, विडी ठेवतात. आणि गोव्याच्या कॅथलिक कोकणीत 'देवचार' म्हणजे सैतान. एकाच गावात दोन शेजारी एकच शब्द वापरतात. एक त्याच्या भरवशावर रात्री शेतात जातो, दुसरा त्याच्यापासून वाचव म्हणून प्रार्थना करतो. पॅनचं काय झालं असेल हे मला पुस्तकांपेक्षा या एका शब्दातून जास्त कळलं.

९. चेटकिणी खरंच शिंगवाल्या देवाची गुप्त पूजा करत होत्या का?

ही कल्पना लोकप्रिय केली मार्गारेट मरी यांनी. त्या इजिप्तच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासक, जन्म १८६३, कलकत्ता. १९२१ मध्ये त्यांनी मांडलं की चेटकिणींच्या खटल्यांतला 'सैतान' हा खरं तर शिंगं घातलेला पुजारी होता आणि एक जुना धर्म युरोपभर गुपचूप जिवंत होता. पुढच्या इतिहासकारांनी त्याच खटल्यांचे कागद तपासले तेव्हा मरी यांनी जबान्यांमधला सोयीचा भाग उचलला होता आणि अशक्य गोष्टी, आकाशातून उडणं वगैरे, गाळल्या होत्या असं दिसलं. आज हा सिद्धान्त कुणी अभ्यासक मानत नाही.

त्या जबान्या कशा मिळाल्या हे विसरू नये. स्पेनच्या बास्क मुलखातल्या सुगारामुर्दी गावचं प्रकरण घ्या. जादूटोण्याच्या मेळाव्याला स्पॅनिशमध्ये 'आकेलारे' म्हणतात. शब्द बास्क, त्याचा अर्थ बोकडाचं कुरण असा लावतात. १६१० मध्ये लोग्रोन्यो इथे शिक्षा झाल्या, माणसं जाळली गेली. नंतर न्यायाधीशांपैकीच एक, आलोन्सो दे सालासार, गावोगाव फिरला, शेकडो कबुल्या तपासल्या आणि त्याने लिहून दिलं की या गोष्टी बोलल्या-लिहिल्या जायच्या आधी इथे चेटकिणीही नव्हत्या आणि बाधा झालेलेही नव्हते. डाकीण ठरवून बाईला मारल्याच्या बातम्या आपल्याकडे अजून येतात. म्हणून हे उत्तर मी लांबवलं.

१०. विक्कावाले शिंगवाल्या देवाला भजतात. मग ती सैतानपूजा नाही का?

नाही. विक्का हा इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी १९५०च्या दशकात पुढे आणलेला धर्म. १९५१ मध्ये तिथला चेटूकविरोधी कायदा रद्द झाला, १९५४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि त्याला प्रस्तावना होती मार्गारेट मरी यांची (पाहा प्रश्न ९). विक्कात एक देवी आणि एक शिंगवाला देव. त्याच्यात पॅनही आहे, सर्नुनोसही आहे. सैतान ही ख्रिस्ती चौकटीतली संकल्पना आहे आणि विक्का ती चौकटच मानत नाही. धर्म नवा आहे म्हणून खोटा ठरत नाही. फक्त 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' हा दावा टिकत नाही, आणि आज बरेच विक्कावाले स्वतःच तो करत नाहीत.

११. बोकडाच्या डोक्याचा बाफोमेट हा प्राचीन देव आहे का?

नाही. १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने टेम्पलर या ख्रिस्ती संघटनेच्या योद्ध्यांना पकडलं तेव्हाच्या जबान्यांत हे नाव येतं, पण तिथे वर्णन बहुतेक एखाद्या मुंडक्याचं आहे. शिंगांमध्ये मशाल, छातीला स्तन, पाठीला पंख असं आजचं प्रसिद्ध चित्र १८५०च्या दशकात एलिफास लेवी या फ्रेंच गूढवाद्याने काढलं. सैतानपंथी संघटनांनी ते घेतलं ते २०व्या शतकात.

१२. मोशेच्या पुतळ्याला शिंगं का आहेत?

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात संदेष्टा मोशे सिनाय पर्वतावरून उतरतो तेव्हा त्याचा चेहरा तेजाने झळकत असतो. तिथलं हिब्रू क्रियापद 'शिंग' या शब्दाच्या जवळचं आहे. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने ते 'शिंगं असलेला' असं नेलं आणि मध्ययुगीन कलाकारांनी मोशेला शिंगं दिली. रोममधल्या सान पिएत्रो इन विंकोली चर्चमधला मायकेलअँजेलोचा मोशे तसाच आहे. एकाच काळात, एकाच धर्मात, शिंगं सैतानालाही होती आणि संदेष्ट्यालाही.

१३. म्हसोबा आपला शिंगवाला देव म्हणता येईल का?

जपून. म्हसोबाच्या नावात म्हसा, म्हणजे रेडा, आहे, पण बांधावरचा म्हसोबा बहुतेक ठिकाणी शेंदूर फासलेला बिनचेहऱ्याचा दगड असतो. त्याला शिंगं नसतात. त्याचं खरं साम्य प्रश्न ८शी आहे. इतिहासकार डी. डी. कोसंबी यांनी पुणे परिसरातली ठाणी पायी हिंडून बघितली आणि म्हसोबाचं नातं महिषासुराशी जोडलं. देवी ज्याला मारते आणि शेतकरी ज्याला नारळ फोडतो, ते मुळात एकच असू शकतात.

१४. बोटांची 'शिंगं' करून दाखवणं ही सैतानाची खूण आहे का?

इटलीत ती दृष्ट लागू नये म्हणून करतात. गायक रॉनी जेम्स डिओ यांनी रॉक मैफलींत ती रूढ केली आणि आपण ती इटालियन आजीकडून शिकलो असं ते सांगत. नेपल्समध्ये लोक गळ्यात लाल शिंगाचा ताईत घालतात.

१५. मी ख्रिस्ती आहे. या देवांबद्दल वाचणं, चित्रं बघणं चुकीचं आहे का?

वसईहून आणि नगरहून हा प्रश्न बऱ्याचदा येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात खरी काळजी असते. तुमच्या श्रद्धेविषयी तुमच्या धर्मगुरूंशीच बोला, तो अधिकार माझा नाही. मी एक जागा सांगू शकते.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधल्या अॅबट्स ब्रॉमली गावात दर सप्टेंबरमध्ये शिंगांचा नाच होतो. रेनडियरच्या शिंगांच्या सहा जोड्या, काही पांढऱ्या रंगवलेल्या, काही तपकिरी, लाकडी मुंडक्यांवर बसवलेल्या. सगळ्यात जड जोडी ११ किलोच्या वर आहे. कार्बन चाचणीत ही शिंगं ११व्या शतकातली निघाली. नाच पेगन काळापासूनचा आहे असं हौसेने सांगितलं जातं, पण त्याची लेखी नोंद १७व्या शतकाच्या आधी मिळत नाही. सकाळी आठच्या सुमाराला नाचणारे शिंगं घ्यायला जातात, दिवसभर शेतांतून आणि घराघरांसमोर नाचतात आणि संध्याकाळी ती परत जागेवर टांगतात. ती जागा म्हणजे गावातलं सेंट निकोलस चर्च. वर्षभर शिंगं तिथेच असतात.